चालू हाये का?

गाडीची बॅटरी बदलायची, एवढंच काम होतं. या कामासाठी हल्ली लोक फोन करतात. तासाभरात एक माणूस मोटरसायकलवर नवी बॅटरी बांधून येतो, जुनी काढतो, नवी बसवतो, आणि घरातल्या कोणाला पायात चप्पलही घालावी लागत नाही. दीक्षा मेश्रामनेही फोनच केला होता. पुढे जे झालं ते तिने आजवर दोघांनाच सांगितलं, आणि दोघांनीही ऐकून घेऊन विषय बदलला.

मे महिना होता. बाकीच्या गावांत भुतांनी रात्री फिरायचं ठरलेलं असेल, पण नागपुरात मे महिन्यात खरी सामसूम असते ती भरदुपारी. दीक्षा राहायची त्या नारी रोडवर बारा ते पाच कुत्रंसुद्धा दिसत नाही. दिसलंच तर नालीच्या ओलाव्यात पोट टेकून पडलेलं असतं. दारं बंद, खिडक्यांवर ओल्या खसाचा वास, घरोघरी कूलरची घुरघुर. रस्त्यावर एवढं ऊन पसरलेलं असतं की समोरून कोणी आलं तरी ते माणूस आहे की झळ, हे जवळ येईपर्यंत कळत नाही.

दीक्षाच्या घराला लागून टिनाचं शेड होतं आणि शेडमध्ये बाबांची पांढरी गाडी. बाबा, म्हणजे लहानू मेश्राम, वीज मंडळात लाइनमन होते. दिवाळीच्या आधी एका सकाळी चहा थंड होईपर्यंत उठले नाहीत, म्हणून आई हलवायला गेली, आणि मग कळलं. त्यानंतर घरात दोघीच उरल्या. दीक्षा कळमेश्वरच्या एका कंपनीत नोकरी करायची, सकाळी सातच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. मधला दिवस आईचा एकटीचा. तिचं नाव जया, वय अडुसष्ट, छातीत डाव्या बाजूला कातडीखाली पेसमेकर. त्याला बाबा 'आतली बॅटरी' म्हणायचे.

गाडीच्या बॅटरीचं म्हणाल तर ती म्हातारी झालीच होती, पण तिला संपवलं आईनेच. रोज दुपारी जेवण झालं की आई गाडीत जाऊन बसायची, चावी एक टप्पा फिरवायची आणि समोरच्या घड्याळाचे हिरवे आकडे बघत राहायची. हे घड्याळ बाबांनी लावलेलं होतं, सात मिनिटं पुढे. आयुष्यात कुठेच उशिरा पोचायचं नाही हा त्यांचा हट्ट. ते आकडे चालू आहेत तोवर बाबांनी लावलेलं काहीतरी या घरात अजून चालतंय, असं आईला वाटायचं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण दीक्षाला कळत होतं.

फोन केल्यावर दुर्गेश नावाचा मेकॅनिक आला. बाबांच्या ओळखीतला, चाळिशीचा भला माणूस. बोनट उघडून बघितलं आणि मान हलवली.

"बॅटरी गेली, काकू. दहा मिनिटांत नवी बसवून देतो."

"घड्याळ बंद पडन का?" आईने विचारलं.

"एखादं मिनिट बंद पडन. मंग मी लावून देतो ना परत."

"मंग राहू दे."

दुर्गेशने दीक्षाकडे बघितलं, दीक्षाने आढ्याकडे. त्याने पन्हं प्यायलं, नवी बॅटरी ओसरीवर ठेवली, "मन बदललं तं फोन करजा," म्हणाला आणि गेला.

दीक्षाला राग आला होता. आठ दिवसांपूर्वी डॉक्टर सुमंतांनी आईचा पेसमेकर तपासून स्पष्ट सांगितलं होतं, बॅटरी दोन महिने, फार तर अडीच. लहानशी शस्त्रक्रिया आहे, त्याच जागी जुनं काढून नवं बसवायचं, पण थांबू नका. आणि आई थांबली होती. तारीख द्या म्हणायलाही तयार नव्हती. कोणासाठी बदलू, असं एकदाच म्हणाली, आणि त्या दिवसापासून दीक्षाला रात्री झोप लागत नव्हती.

"आई, घड्याळ हाये वं ते," ती म्हणाली. "मोबाइल पाहून मी लावून देईन. सात मिनिटं पुढंच लावून देईन."

"तू लावशील. मंग ते तुहं घड्याळ होईन."

मग आईच बोलली, पदराने हात पुसत, भाजी काय करायची विचारावं तितक्या साध्या आवाजात.

"तुहे बाबा कसे बदलत होते, तसं बदल. घड्याळ बंद न पाडता. जमलं, तं तू म्हणशील त्या दिवशी दवाखान्यात येते. नाही जमलं, तं माह्या मागं लागू नोको."

बाबांची पद्धत दीक्षाने लहानपणापासून पाहिली होती. नोकरीत खांबावर चढण्याआधी ते खालच्या माणसाला तीन वेळा विचारायचे, "बंद हाये का?" आणि खालून तीन वेळा "बंद हाये" असं आल्याशिवाय तारेला हात लावायचे नाहीत. एकोणतीस वर्षं असं केलं म्हणून ते पेन्शनीत आले. त्यांच्यासोबत नोकरीला लागलेले सगळे आले नव्हते. घरी गाडीची बॅटरी बदलताना हेच उलटं चालायचं. गाडीला एक सेकंदही मरू द्यायचं नाही, असं ते म्हणत. आईच्या स्कूटीची छोटी बॅटरी काढून दोन चिमट्यांच्या वायरींनी गाडीच्या तारांना जोडायची, म्हणजे मोठी बॅटरी काढली तरी घड्याळापुरता करंट राहतो. बोनट वर केलं की समोरच्या काचेतून आतलं काही दिसत नाही, म्हणून आई स्टिअरिंगमागे बसून घड्याळावर नजर ठेवायची. बोनटच्या पलीकडून बाबा विचारायचे, "चालू हाये का?" आई म्हणायची, "चालू हाये." तीनदा. मग दोघं हसायची. बॅटरीवर बाबा मार्करने 'लावली' आणि तारीख लिहायचे, काढली की त्याखाली 'काढली' आणि तारीख, खाली दोन रेघा.

भुतांवर बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. वस्तीत कोणी काही सांगायला लागलं की म्हणायचे, भूतबीत काही नसते बाप्पा, कुठंतरी कनेक्शन लूज असते.

रविवारी सकाळी आईने घड्याळ बघितलं तर आकडे इतके फिके झाले होते की हाताची ओंजळ धरून वाचावे लागले. संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हते. म्हणून दुपारीच काम काढावं लागलं. दीड वाजून गेला होता, शेडचं टिन तापून टकटक वाजत होतं.

दीक्षाने बाबांच्या पत्र्याच्या पेटीतून चिमट्यांच्या वायरी काढल्या आणि आईच्या स्कूटीची छोटी बॅटरी त्यांना जोडली. आईला बजावलं, पेसमेकरवाल्यांनी उघड्या बॅटरीच्या जवळ यायचं नाही, तू आतच बसून राहा. आई चावी फिरवून सीटवर ताठ बसली, लग्नात फोटोला बसतात तशी. दीक्षाने बोनट वर केलं आणि आई दिसेनाशी झाली.

लाल चिमटा लाल तारेच्या टोकाला. काळा काळ्याला. मग दहाचा पाना घेऊन आधी काळी तार सैल केली, कारण काळी आधी काढायची आणि शेवटी लावायची, हे बाबांचं बोलणं तिला पाढ्यासारखं पाठ होतं. मग लाल.

"चालू हाये का?" तिने विचारलं.

"चालू हाये," आतून आई.

दोन्ही टोकं सुटली. तिने जुनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. कशीबशी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि सरळ उभी राहिली, तर डोळ्यांपुढे काळे ठिपके. डावा हात खांद्यापासून जड झाला होता. ऊन लागलं, असं म्हणून ती ओसरीच्या पायरीवर टेकली आणि श्वास मोजत बसली.

तेव्हा तिला तो चिमटा दिसला.

काळा चिमटा. तारेवर नव्हता. खाली फरशीवर पडला होता, तोंड वासून. बॅटरी काढताना वायरीला धक्का लागला असणार. गाडीत मोठी बॅटरी नव्हती आणि छोटी जोडलेली नव्हती. गाडी मेली होती, एक सेकंद नाही, चांगली दोन-तीन मिनिटं.

एका चिमट्यापायी आई गेली, हे तिला लख्ख कळलं. आई आत विझलेलं घड्याळ बघत बसली असेल. ती ओरडणारही नाही, गुपचूप उतरून घरात जाईल आणि पुन्हा कधी दवाखान्याचं नाव काढू देणार नाही. विचारायची हिंमत होत नव्हती. दीक्षाने विचारलंच नाही.

आणि आतून आई म्हणाली, "चालू हाये."

दीक्षा तशीच बसून राहिली. शेजारच्या घराचा कूलर घुरघुरत होता, तो मध्येच बंद पडला. लाइट गेली असावी, कारण एकामागून एक सगळ्याच घरांचे कूलर थांबले आणि गल्लीत कानात बोटं घालावीत अशी शांतता झाली. त्या शांततेत बोनटच्या पुढून, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या त्या हातभर जागेतून, एक बारीक आवाज येत होता. चुर... चुर... चुर...

हा आवाज नागपुरात कोणालाही ओळखू येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून हाताने घोटतात, तो खर्र्याचा आवाज. बाबा काम करताना विचारात पडले की खर्रा घोटत उभे राहायचे, आणि आई आतून रागवायची. मागोमाग वासही आला, ओल्या चुन्याचा आणि तंबाखूचा, अगदी जवळून.

"चालू हाये," आई पुन्हा म्हणाली.

दीक्षाला मान वळवता येईना. चार पावलांवर बोनट होतं. गाडीच्या खालच्या फटीतून पलीकडची जमीन दिसली असती, पाय असते तर पायही दिसले असते. तिने खाली बघितलं नाही. आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

मग आई हसली. सात महिन्यांत घरात ऐकू न आलेलं ते हसणं होतं, थोडं लाजरं, थोडं वैतागलेलं.

"हो जी, चालू हाये. किती खेप विचारता? आन् तो खर्रा थुका आधी."

चुरचुर थांबली.

दीक्षा उठली ती कशी उठली, तिला आठवत नाही. बोनटपुढे कोणी नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती आणि काळा चिमटा जिथल्या तिथे पडलेला होता. ती गाडीला वळसा घालून दारापाशी गेली. घड्याळाचे आकडे हिरवेगार जळत होते. सकाळी ओंजळ धरून वाचावे लागत होते, ते आता आईच्या हनुवटीवर उजेड पाडत होते. मधले दोन ठिपके लुकलुकत होते. दोन वाजून चार मिनिटं. दीक्षाने मोबाइल बघितला, एक सत्तावन्न.

"आई..." तिने हळूच विचारलं, "तू कोणाले सांगून राहिली होती?"

आईने तिच्याकडे बघितलं, मग बोनटकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. तिचे ओठ हलले.

"तू... नव्हती विचारत?"

दीक्षाने मानेनेच नाही म्हटलं.

आई घाबरेल असं तिला वाटलं होतं. आई घाबरली नाही. तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, घड्याळावर नजर परत ठेवली आणि म्हणाली, "हात चालव वं जरा. त्यायले उन्हात उभं नोको ठेवू."

दीक्षाने हात चालवले. नवी बॅटरी ठेवली, लाल आधी, काळी शेवटी, पाना घट्ट केला, टोकांवर बाबांच्याच डबीतलं व्हॅसलिन लावलं. काम नीट झालं. चावी फिरवताच गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि त्याच वेळी गल्लीतले कूलर पुन्हा घुरघुरू लागले.

राहिलं होतं ते फक्त लिहायचं काम. तिने मार्कर आणला, नव्या बॅटरीवर 'लावली' लिहून तारीख टाकली. मग जुनीवर 'काढली' लिहायला वाकली. 'लावली'च्या खाली 'काढली' लिहिलेलं होतं. आजची तारीख. खाली दोन रेघा. अक्षर बाबांचं. तिने डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं तर शाई बोटाला लागली, ओली होती.

हे तिने आईला सांगितलं नाही. दुर्गेश दुसऱ्या दिवशी जुनी बॅटरी न्यायला आला, त्यालाही सांगितलं नाही. "बाईनं स्वतः बदलली, भारी हाये," एवढं तो म्हणाला, बॅटरी मोटरसायकलला बांधली आणि घेऊन गेला.

आई शब्दाला जागली. अकराव्या दिवशी, गुरुवारी, दवाखान्यात तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. जाताना तिने दीक्षाच्या हातात गाडीची चावी दिली आणि घड्याळाकडे लक्ष ठेव म्हणाली. बाहेरच्या बाकावर बसून दीक्षा तासभर चावी मुठीत आवळत राहिली. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि कोणावर इतकं प्रेमही कधी वाटलं नव्हतं, आईवर आणि त्या उन्हात उभ्या राहिलेल्या माणसावर.

सगळं छान झालं. डॉक्टर सुमंत मास्क गळ्याशी ओढत बाहेर आले आणि हसून म्हणाले, "फार धीराच्या आहेत तुमच्या आई. फक्त तेवढीच जागा बधिर केली होती, जाग्याच होत्या. मध्येमध्ये 'चालू आहे, चालू आहे' म्हणत होत्या. आम्ही काही विचारलं नव्हतं, पण आम्हालाच धीर आला."

दुपारी वॉर्डात आई उशीला टेकून बसली. चेहऱ्यावर रंग आला होता. दीक्षा तिला चमच्याने मोसंबीचा रस पाजत होती.

"हिरवा कपडा लावते वं ते, इथं, गळ्यापाशी," आईने हाताने दाखवलं. "पलीकडचं काहीच दिसत नाही. बोनटवानी."

"भेव वाटलं?"

"पहिले वाटलं. मंग त्यायनं विचारलं." आई रस गिळून थांबली. "तीनदा विचारलं. मी तीनदा सांगतलं."

दीक्षाचे डोळे भरून आले. तिने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. बाबा गेल्यावर आपण मनातल्या मनात त्यांच्यावर रुसलो होतो, निरोपही न घेता गेले म्हणून, तो रुसवा त्या क्षणी गेला.

"चौथ्यांदा भी विचारलं," आई म्हणाली.

"बाबा चौथ्यांदा कधीच विचारत नव्हते, आई."

"माह्यं नाही विचारलं." आईने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "म्हणे, दीक्षाची आतली बॅटरी चालू हाये का?"

चमचा ग्लासात तसाच राहिला.

"मंग?"

"मंग काय, मी म्हटलं चालू हाये. तरुण पोरगी हाये. तं ते बोललेच नाही काही. मी वाट पाहिली... नुसते पन्नी घोटत उभे होते." आईने दीक्षाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "काहून विचारलं असन वं? आपण दवाखान्यातच आहो. डॉक्टरले दाखवून घे ना एकदा."

"मले काय धाड भरली, आई," दीक्षा हसून म्हणाली.

आईच्या हातातल्या आपल्या बोटाकडे तिचं लक्ष गेलं. मार्करची शाई अकरा दिवसांत धुऊन निघाली नव्हती. साबणाने घासली होती, लिंबाने घासली होती, तरी काळीच्या काळी.

आईचा डोळा लागल्यावर ती उठून खिडकीपाशी गेली. बाहेर ऊन रखरखत होतं. तिने तळहात छातीवर ठेवला आणि स्वतःशीच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "चालू हाये, बाबा."

बाबांना तीनदा सांगावं लागायचं. ती दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तिला दम लागला होता, डावा हात खांद्यापासून जड झाला होता, आणि पाठीमागे, दोन खाटांमधल्या पडद्याच्या पलीकडे कोणीतरी पन्नी घोटत होतं... चुर... चुर... चुर...